रात्रीची कामं मशीनवर सोपवताना: शेड्यूल लावायचं कसं आणि न चाललेला जॉब पकडायचा कसा

डिस्क भरली की जुने लॉग उडवायचे, आठवण झाली की बॅकअप घ्यायचा, सर्टिफिकेट संपल्याची ओरड झाली की रिन्यू करायचं, अशी हाताने चाललेली कामं तुमच्याकडे अजून असतील तर ती एकेक करून मशीनवर कशी सोपवायची ते सांगते. पण शेड्यूल लावणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, पाच मिनिटांत होतं. खरी मेहनत त्याच्या पुढची, म्हणजे एखाद्या रात्री जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालायचं काम) चाललाच नाही तर ते तुम्हाला सकाळीच कळलं पाहिजे, सहा महिन्यांनी बॅकअपची गरज पडेल तेव्हा नाही. म्हणून त्या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आणि हो, कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, मशीनवर टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरायचे.

आधी स्क्रिप्ट धड करा

ज्या कामात मध्येच "हो की नाही" असं विचारलं जातं ते जसंच्या तसं सोपवता येत नाही, कारण रात्री अडीचला उत्तर द्यायला कीबोर्डसमोर कुणी नसतं आणि स्क्रिप्ट (कमांड ओळीने लिहिलेली फाइल) तशीच लटकून राहते. म्हणून पहिली अट ही की स्क्रिप्ट एकदा सुरू केली की कुणाला काही न विचारता संपली पाहिजे. दुसरी अट, चुकून दोनदा चालली तरी काही बिघडता कामा नये. बॅकअप, जुने लॉग आणि टेंपररी फाइल्स काढणं, डिस्कमधली जागा तपासणं, सर्टिफिकेट रिन्यू करणं, ही कामं सोपवायला चांगली. मोठं व्हर्जन अपग्रेड मात्र मी कधीच शेड्यूलवर टाकत नाही, ते समोर बसूनच करायचं.

बॅश (लिनक्सवरचा नेहमीचा शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम) स्क्रिप्ट असेल तर माझ्या सुरुवातीच्या दोन ओळी ठरलेल्या असतात:

#!/बिन/बॅश
सेट -ईयूओ पाइपफेल

यातला ई म्हणजे एखादी कमांड फेल झाली की पुढे न जाता तिथेच थांब, यू म्हणजे किंमतच न दिलेलं व्हेरिएबल वापरलं की एरर दे, आणि पाइपफेल म्हणजे पाइपमधली (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणारी जोडणी) आधीची कमांड पडली तरी सगळी ओळ फेल धर. हा तिसरा शब्द मी सहसा कुणाला गाळू देत नाही आणि त्यामागे कारण आहे. माझी एक स्क्रिप्ट रोज रात्री डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची प्रत) घेऊन तो पाइपमधून, फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला द्यायची. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमधला बदलायचा राहिला, डंप रोज फेल होत गेला, पण जीझिपला त्याचं काय, त्याने रिकाम्या इनपुटची छान दाबलेली फाइल बनवली आणि "सगळं ठीक" असा एक्झिट कोड (काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा) दिला. फोल्डर उघडलं तर रोजच्या तारखेची फाइल हजर, नावं बरोबर, वेळा बरोबर, फक्त साइझच्या कॉलममध्ये सगळीकडे २०. वीस बाइट. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल तेवढीच होते. अकरा रात्री हे चाललं होतं, आणि त्याच स्क्रिप्टच्या शेवटी ३० दिवसांपेक्षा जुने बॅकअप उडवायची ओळ होती, म्हणजे अजून तीनेक आठवडे लक्ष गेलं नसतं तर चांगला म्हणावा असा एकही बॅकअप उरला नसता.

त्यामुळे तेव्हापासून जुनं उडवायची ओळ मी आजचा बॅकअप तपासल्याशिवाय चालू देत नाही. तपासायचं म्हणजे फाइल आहे का एवढंच नाही, तिची साइझ कालच्या आसपास आहे का आणि जीझिप -टी लावून ती आतून शाबूत आहे का हेही. नुसत्या जीझिप -टी वर विसंबू नका, वीस बाइटची फाइलसुद्धा त्यात पास होते.

आता उडवण्याबद्दलच बोलतोय तर फाइंड कमांडच्या दोन गोष्टी सांगून टाकते. ओळ साधारण अशी असते:

फाइंड /बॅकअप/रोजचे -टाइप एफ -नेम '*.जीझेड' -एमटाइम +३० -डिलीट

यात -डिलीट कायम सगळ्यात शेवटी. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, -डिलीट जर नाव आणि दिवसांच्या अटींच्या आधी आलं तर त्या अटी बघायच्या आधीच सगळं साफ होतं, आणि एररसुद्धा येत नाही कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. दुसरं, +३० म्हणजे पूर्ण ३० दिवसांहून जास्त, आणि फाइंड दिवसाचा अपूर्णांक सोडून देतं, त्यामुळे फाइल ३१ दिवस पूर्ण झाल्यावरच यात सापडते. पहिले काही दिवस -डिलीटच्या जागी -प्रिंट ठेवा, यादी वाचा, पटली की मगच बदला. आणि कुठल्याही डिलीटच्या ओळीत फोल्डरचं नाव व्हेरिएबलमधून येत असेल तर ते रिकामं असल्यावर काय होईल याचा विचार करा, आरएम -आरएफ च्या पुढे व्हेरिएबल रिकामं आलं आणि मागे फक्त स्लॅश उरला तर तुमचा रोख थेट रूटवर, म्हणजे मशीनवरच्या सगळ्याच फाइल्सवर असतो.

क्रॉनची ओळ

लिनक्स, युनिक्सवर जुनं आणि सगळीकडे मिळणारं साधन म्हणजे क्रॉन. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्येही ते होतं, आज जे रूप बहुतेकांना माहीत आहे ते पॉल व्हिक्सीने १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनमधून आलंय. पाठीमागे एक डीमन चालू असतो, तो दर मिनिटाला उठतो, यादी बघतो, ज्याची वेळ झाली त्याला चालवतो, बस. क्रॉनटॅब -ई टाइप केलं की यादी एडिटरमध्ये उघडते.

३० २ * * * /होम/मेंटेनन्स/बॅकअप

पहिला आकडा मिनिट, मग तास, मग महिन्यातली तारीख, मग महिना, मग वार, आणि तारा (*) म्हणजे प्रत्येक. म्हणजे ही ओळ रोज रात्री दोन वाजून तीस मिनिटांनी. वारात ० आणि ७ दोन्ही रविवारच. आधी मिनिट आणि मग तास हा क्रम नव्या माणसाला हमखास उलटा वाटतो, आणि त्यातून होणारी सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मिनिटाच्या जागी तारा तसाच ठेवून तासाच्या जागी २ लिहिणं, मग जॉब दोन वाजता एकदा नाही तर दोन ते तीनच्या मध्ये साठ वेळा चालतो.

अजून दोन खाचखळगे आहेत. तारीख आणि वार दोन्ही भरले तर क्रॉन त्यांना "आणि" असं न धरता "किंवा" असं धरतो. समजा तुम्हाला १३ तारखेला शुक्रवार असेल तेव्हाच काही चालवायचंय आणि तुम्ही तारखेत १३, वारात ५ लिहिलं, तर ते दर १३ तारखेला चालेल आणि शिवाय दर शुक्रवारी चालेल. अशा वेळी एकच अट क्रॉनमध्ये ठेवायची, दुसरी स्क्रिप्टच्या आत तपासायची. महिन्याच्या शेवटच्या दिवसाचंही तसंच, २८ ते ३१ रोज चालवा आणि स्क्रिप्टमध्ये "उद्या १ तारीख आहे का" बघा, नसेल तर गुपचूप बाहेर पडा. दुसरा खळगा स्लॅशचा. */४० म्हणजे दर चाळीस मिनिटांनी असं वाटतं, पण मोजणी दर तासाला शून्यापासून होते, त्यामुळे ते ० ला चालतं, ४० ला चालतं आणि मग वीसच मिनिटांनी परत ० ला. साठला पूर्ण भाग जाणारा आकडा घ्या, म्हणजे ५, १०, १५, २०, ३०.

क्रॉनटॅब -आर पासून जपून. तो सगळी यादी न विचारता पुसतो, आणि कीबोर्डवर ई च्या शेजारीच आर आहे. म्हणून क्रॉनटॅब -एल चं आउटपुट रोज एका फाइलमध्ये साठवायचा एक छोटासा जॉबच लावून ठेवा.

हाताने चालते, क्रॉनमध्ये नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि नव्वद टक्के वेळा कारण एकच, क्रॉनला तुमचं एन्व्हायरनमेंट (लॉगिनसोबत लागू होणारी सेटिंग्ज) मिळत नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमच्या प्रोफाइलमधून लांबलचक पाथ (कमांड कुठल्या फोल्डर्समध्ये शोधायच्या त्याची यादी) सेट होतो, क्रॉनमध्ये तो बहुतेक ठिकाणी फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो, आणि शेलसुद्धा बॅश नसून साधा एसएच. त्यामुळे /यूएसआर/लोकल/बिन मधलं काहीही त्याला सापडत नाही. उपाय साधे, स्क्रिप्टच्या वरच पाथ स्वतः लिहा, फाइल्सचे पूर्ण पत्ते द्या, आणि स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरमधून चालेल यावर भरवसा न ठेवता सुरुवातीलाच सीडी करून हव्या त्या फोल्डरमध्ये जा. शंका असेल तर क्रॉनमध्ये तात्पुरती एक ओळ टाका जी दर मिनिटाला एन्व्ह कमांडचं आउटपुट फाइलमध्ये लिहील, एकदा ते वाचा, तुमच्या टर्मिनलच्या एन्व्हशी ताडून बघा, काय कमी आहे ते समोर दिसतं. मग ती ओळ काढायला विसरू नका.

त्याहून फसवं आहे ते टक्क्याचं चिन्ह. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून लोक क्रॉनच्या ओळीतच डेट +%एफ असं लिहितात. टर्मिनलवर उत्तम चालतं. पण क्रॉनमध्ये % ला वेगळा अर्थ आहे, तिथे ओळ तुटते आणि पुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं, मग अर्धवट तुटलेली कमांड चालते आणि अवतरण चिन्ह जुळत नाही असली काहीतरी एरर येते जिचा तारखेशी संबंध आहे हे डोक्यातही येत नाही. एकतर % च्या आधी बॅकस्लॅश द्या किंवा माझ्यासारखं करा, क्रॉनच्या ओळीत फक्त स्क्रिप्टचं नाव, बाकी सगळी कलाकुसर स्क्रिप्टच्या आत.

सिस्टमच्या फोल्डर्सचंही पटकन सांगते. /ईटीसी/क्रॉन.डी मध्ये फाइल टाकली तर पाच आकड्यांनंतर युझरचं नाव लागतं, तुमच्या स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये ते लागत नाही. आणि डेबियन, उबुंटूवर /ईटीसी/क्रॉन.डेली मध्ये स्क्रिप्ट टाकताना नावात टिंब ठेवू नका, बॅकअप.एसएच नावाची फाइल तिथे चालतच नाही, फक्त बॅकअप असं नाव हवं. एररसुद्धा नाही, नुसती वगळली जाते. रन-पार्ट्स --टेस्ट आणि पुढे फोल्डरचा पत्ता दिला की नेमक्या कुठल्या फाइल्स चालतील त्याची यादी मिळते, ती एकदा बघाच.

वेळ कुठली निवडायची

सगळं रात्री बाराच्या ठोक्याला लावू नका. सगळ्यांनाच बारा सुचतं, मग बॅकअप, लॉग रोटेशन आणि रिपोर्ट एकाच वेळी डिस्कवर तुटून पडतात. २ वाजून १७ मिनिटं असली आडनिडी वेळ घ्या. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) आहे का लोकल टाइमवर ते आधी बघा, आणि ज्या टाइमझोनमध्ये घड्याळ उन्हाळ्यात पुढे मागे होतं तिथे पहाटे एक ते तीनच्या मधली वेळ टाळा, कारण वर्षातून एका रात्री तो तास नसतोच आणि एका रात्री दोनदा येतो. काही क्रॉन हे सांभाळून घेतात, सगळे नाही. सर्व्हर यूटीसीवर ठेवला की ही कटकटच संपते.

लॅपटॉप किंवा रात्री बंद होणारं मशीन असेल तर साधा क्रॉन कामाचा नाही, मशीन बंद असताना हुकलेला जॉब तो नंतर चालवत नाही. तिथे अ‍ॅनाक्रॉन, तो "किती वाजता" असं न बघता "शेवटचं चालून किती दिवस झाले" असं बघतो.

मग एकावर एक चढण्याचा प्रश्न. दर दहा मिनिटांचा जॉब एखाद्या दिवशी पंचवीस मिनिटं चालला तर दुसरा सुरू होतो, मग तिसरा, सगळे एकाच डिस्कसाठी भांडतात, त्यामुळे सगळेच अजून हळू होतात, आणि तासाभरात मशीनवर लॉगिन करणंही मुश्कील होतं. यावर एफलॉक:

*/१० * * * * एफलॉक -एन /टीएमपी/सिंक.लॉक टाइमआउट १h /होम/मेंटेनन्स/सिंक

एफलॉक -एन म्हणजे आधीचा अजून चालू असेल तर ही पाळी सोडून दे. आणि टाइमआउट तासाभरानंतर अडकलेल्या जॉबला बंद करतो (तासाचं ते अक्षर छोटं एच). हे दोन्ही एकत्रच हवेत, नुसतं एफलॉक लावलं आणि जॉब नेटवर्कवर कायमचा अडकला तर पुढचे सगळे जॉब शांतपणे पाळी सोडत राहतात. जड कामाला पुढे नाइस आणि आयओनाइस (प्रोसेसर आणि डिस्कच्या रांगेत त्याला मागे ठेवणाऱ्या कमांड) लावा म्हणजे बाकीच्यांना त्रास कमी होतो.

न चाललेला जॉब कसा कळणार

क्रॉनच्या जॉबने काही आउटपुट दिलं तर क्रॉन ते मेल करायला बघतो, मेलटू मध्ये पत्ता दिला की तिकडे. पण मशीनवर मेल पाठवायची सोयच नसेल तर आउटपुट टाकून दिलं जातं, डेबियनच्या सिसलॉगमध्ये (सिस्टमची नोंदवही) "एमटीए, म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्रॅम, इन्स्टॉल नाही, आउटपुट टाकून देतोय" अशा अर्थाची एक ओळ उरते, तेवढीच. आणि रोज मेल येतात म्हणून वैतागून लोक ओळीच्या शेवटी > /डेव्ह/नल २>&१ जोडतात. कृपा करून हे करू नका, त्याने एररसुद्धा गडप होते. फार तर साधं आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवा आणि एरर मोकळी सोडा. दोन्ही फाइलमध्ये हवं असेल तर क्रम लक्षात ठेवा, आधी >> फाइल, मग २>&१. उलटं लिहिलं तर एरर फाइलमध्ये जात नाही.

पण मेल येणं म्हणजेसुद्धा खात्री नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेसचं फोल्डर डिलीट झालं. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा शेड्यूल केलेला डंप मिळेना, कारण डंप घेणारं टूल ९.२ व्हर्जनचं आणि डेटाबेस ९.६, त्यामुळे तो फेल होत होता. फेल झाल्याचे मेल क्रॉन पाठवत होता, पण डीमार्कच्या (मेल खऱ्या पाठवणाऱ्याकडून आलाय का ते बघणाऱ्या) तपासणीत ते नाकारले जात होते, कुणापर्यंत पोचतच नव्हते. योगायोगाने कुणीतरी सहा तास आधी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता, त्यावरून परत उभं केलं, मधल्या साधारण सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनी स्वतः उघडपणे लिहून ठेवलं आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं, कारण त्यातून आमच्यासारख्यांना नेमकी जागा कळली: बिघडलं की कळव, एवढ्यावर विसंबायचं नाही.

म्हणून व्यवस्था उलटी लावायची. जॉब नीट पार पडला की त्याने कळवायचं, आणि कळवणं थांबलं की अलार्म वाजायचा. सगळ्यात साधी पद्धत अशी, स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत एका खुणेच्या फाइलला टच करायचं, म्हणजे तिची वेळ ताजी करायची. वर सेट -ई असल्यामुळे मध्ये काहीही पडलं तर ती ओळ येतच नाही. मग दुसऱ्या मशीनवरून, हो दुसऱ्याच, कारण पहिलं मशीन बंद पडलं किंवा क्रॉनच मेला तर त्याच मशीनवरचा पहारेकरीही गेला, तर दुसऱ्या मशीनवरून दर तासाला बघायचं की त्या खुणेच्या फाइलचं वय २६ तासांच्या आत आहे का. २४ नाही, जॉब कधी थोडा लांबतो म्हणून दोन तासांची सवलत. टच करण्याऐवजी कर्ल कमांडने एखाद्या मॉनिटरिंगच्या यूआरएलला हाक दिली तरी तेच.

बॅकअपच्या बाबतीत याच्याही पुढे एक पायरी आहे, महिन्यातून एकदा तो दुसरीकडे रिस्टोर करून बघायचा, टेबलमधल्या रो मोजायच्या. हेही शेड्यूल करता येतं आणि मी केलंय.

सिस्टमडी टायमर, विंडोज आणि मॅक

नव्या लिनक्सवर सिस्टमडी (मशीनवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) असेल तर मी हल्ली नवीन जॉब टायमरमध्येच लावते. दोन फाइल्स लागतात, एक सर्व्हिस ज्यात टाइप=वनशॉट आणि काय चालवायचं ते, आणि त्याच नावाची टायमर ज्यात केव्हा ते. ऑनकॅलेंडर=*-*-* ०२:१७:०० असं लिहायचं, पर्सिस्टंट=ट्रू दिलं की मशीन बंद असताना हुकलेला जॉब चालू झाल्यावर चालतो, रँडमाइझ्डडिलेसेक दिलं की अनेक मशीन्स एकाच सेकंदाला धावत नाहीत. आधीचा जॉब चालू असेल तर त्याच सर्व्हिसची दुसरी प्रत सुरू होत नाही, म्हणजे एफलॉकचं काम आपोआप झालं. मात्र वनशॉटला वेळेची मर्यादा आपणहून नसते, टाइमआउटस्टार्टसेक तुम्हीच लिहायचं. सगळ्यात मोठा फायदा लॉगचा, जर्नलसीटीएल -यू आणि सर्व्हिसचं नाव दिलं की आजवरचं सगळं आउटपुट समोर. सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स मध्ये मागचं केव्हा चाललं, पुढचं केव्हा ते दिसतं, आणि सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडर ला तुमची वेळ दिली की ती तो कशी वाचतो ते सांगतो. एनेबल करताना सर्व्हिस नाही, टायमर एनेबल करायचा, इथे बरेच जण चुकतात.

विंडोजवर टास्क शेड्यूलर. तिथे युझर लॉगिन असो वा नसो चालू दे, हा पर्याय निवडा. लॅपटॉप असेल तर फक्त चार्जिंगवर असताना चालवायची खूण मुळातच लावलेली असते ती काढा, आणि वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालव ही खूण मुळात नसते ती लावा. स्टार्ट इन चा रकाना रिकामा सोडला तर स्क्रिप्ट सहसा सिस्टम३२ फोल्डरमधून चालते आणि तुमच्या फाइल्स तिला सापडत नाहीत. नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर वापरू नका, लॉगिन नसताना ते अक्षर नसतं, पूर्ण नेटवर्क पाथ द्या. लास्ट रन रिझल्ट मध्ये 0x0 म्हणजे ठीक, पण तेही स्क्रिप्टने खरा एक्झिट कोड दिला तरच.

मॅकवर लाँचडी, २००५ पासून तेच आहे. मशीन झोपलेलं असताना वेळ गेली तर जागं झाल्यावर जॉब चालतो, पूर्ण बंद असेल तर मात्र ती पाळी गेली.

नवीन जॉब लावून झाला की शेवटी मी तो मुद्दाम मोडते. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड चुकीचा टाकते किंवा आउटपुटच्या फोल्डरचं नाव बदलते, आणि तशीच रात्र जाऊ देते. सकाळी अलर्ट आला तर दुरुस्त करून कामाच्या यादीतून तो जॉब खोडते. अलर्ट नाही आला तर जॉब अजून लागलेलाच नाही असं धरते आणि कळवायची वाट कुठे तुटलीय ते आधी शोधते.